जॉन बॉइड डनलॉप

जॉन बॉइड डनलॉप (५ फेब्रुवारी १८४० – २३ ऑक्टोबर १९२१) हे स्कॉटलंडमध्ये जन्मलेले आणि आयर्लंडमध्ये स्थायिक झालेले पशुवैद्य व संशोधक होते. हवा भरलेले रबरी टायर व्यवहारात आणण्याचे श्रेय त्यांना दिले जाते. १८८७ मध्ये बेलफास्ट येथे आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलसाठी त्यांनी असे टायर तयार केले आणि १८८८ मध्ये त्याचे पेटंट मिळवले. हीच कल्पना स्कॉटिश अभियंता रॉबर्ट विल्यम थॉमसन यांनी सुमारे चाळीस वर्षांपूर्वी मांडली होती, हे उघडकीस आल्यावर डनलॉप यांचे पेटंट रद्दबातल ठरले. तरीही त्यांच्या टायरमुळे प्रथम सायकल आणि नंतर मोटारगाडी सर्वसामान्यांच्या उपयोगाची झाली. बैलगाडीपासून मोटारघरापर्यंतच्या वाहनांचा भार आज टायरमधील दाबयुक्त हवेवर तोलला जातो. परभणी जिल्ह्यासह मराठवाड्यात ऊसवाहतुकीसाठी वापरली जाणारी टायरची बैलगाडी हेही याच शोधाचे एक रूप आहे.

जन्म आणि शिक्षण

डनलॉप यांचा जन्म स्कॉटलंडच्या एअरशायर परगण्यातील ड्रेगहॉर्न या गावी एका शेतकरी कुटुंबात झाला. शेतावरील जनावरे, ओझ्याच्या गाड्या आणि खडबडीत रस्ते यांचा परिचय त्यांना लहानपणापासून होता. प्रकृती नाजूक असल्यामुळे अतिश्रम टाळण्याची सवय त्यांना पुढे आयुष्यभर राहिली. त्यांनी एडिंबरा येथील पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिक्षण घेतले आणि विशीच्या आतच ते पशुवैद्य म्हणून पात्र ठरले. काही वर्षे स्कॉटलंडमध्ये काम केल्यानंतर १८६७ मध्ये ते आयर्लंडला गेले.

पशुवैद्यकीय व्यवसाय

आयर्लंडमध्ये डनलॉप यांनी प्रथम डाउनपॅट्रिक येथे आपले बंधू जेम्स यांच्यासह पशुचिकित्सालय चालवले. नंतर त्यांनी बेलफास्ट शहरातील मे स्ट्रीट येथे स्वतःचा व्यवसाय उभा केला. १८८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत तो आयर्लंडमधील सर्वांत मोठ्या पशुवैद्यकीय व्यवसायांपैकी एक बनला होता. १८७१ मध्ये त्यांचा विवाह मार्गारेट स्टीव्हन्सन यांच्याशी झाला. या दांपत्याला एक मुलगी व एक मुलगा अशी दोन अपत्ये झाली.

त्या काळी शहरातील जवळजवळ सर्व मालवाहतूक घोड्यांवर अवलंबून होती. बेलफास्टचे अनेक रस्ते दगडी चिऱ्यांचे होते आणि गाड्यांच्या चाकांना लोखंडी धाव किंवा भरीव रबराची पट्टी असे. अशा चाकाला बसणारा प्रत्येक धक्का गाडीच्या सांगाड्यातून बसणाऱ्याकडे आणि ओढणाऱ्या जनावराकडे जाई. घोड्यांवर उपचार करणे हाच डनलॉप यांचा व्यवसाय असल्याने हा त्रास त्यांच्या नित्य पाहण्यातला होता. व्यवसायाच्या निमित्ताने त्यांना रबरी साधने हाताळण्याचा अनुभवही होता आणि पुढील प्रयोगांत तो उपयोगी पडला.

बेलफास्टमधील प्रयोग

१८८७ च्या उत्तरार्धात डनलॉप यांच्या शाळकरी मुलाला तीनचाकी सायकलवरून जाताना दगडी रस्त्यांवर फार हादरे बसत. तिच्या चाकांना भरीव रबराच्या अरुंद पट्ट्या होत्या. चाक आणि रस्ता यांच्यामध्ये हवेची गादी असावी, असा विचार करून डनलॉप यांनी पातळ रबरी पत्र्याची नळी तयार केली. ती लाकडी चकतीच्या कडेभोवती बसवून वरून कापडाचे वेष्टन घातले, ते खिळ्यांनी पक्के केले आणि फुटबॉलच्या पंपाने नळीत हवा भरली.

यानंतर त्यांनी आपल्या अंगणात एक साधी चाचणी घेतली. सायकलचे भरीव रबराचे चाक आणि हवेच्या टायरची चकती अशी दोन्ही त्यांनी सारख्याच जोराने घरंगळत सोडली. पहिले चाक काही अंतरावर जाऊन आडवे पडले. चकती मात्र अंगणाच्या टोकापर्यंत गेली आणि तेथे आदळून उसळली. हवेच्या टायरमुळे बसणाऱ्याला आराम मिळेल ही अपेक्षा त्यांना होतीच. या चाचणीने त्याहून महत्त्वाची गोष्ट दाखवून दिली. भरीव चाकाची बरीच शक्ती रस्त्यावरील प्रत्येक उंचवट्यावर स्वतःला आणि वाहनाला उचलण्यात खर्च होते. हवेचे टायर तो उंचवटा स्वतःत सामावून घेते, म्हणून त्याला पुढे जाण्यासाठी कमी जोर लागतो.

पुढच्या टप्प्यात डनलॉप यांनी तीनचाकी सायकलच्या मागील दोन्ही चाकांना असे टायर बसवले. चालवणाऱ्याच्या वजनाचा मोठा वाटा या दोन चाकांवर येत असल्यामुळे प्रयोगासाठी तीच चाके योग्य होती. हा प्रयोगही यशस्वी झाल्यावर त्यांनी दुचाकी सायकलसाठी मोठे टायर तयार केले आणि दक्षिण बेलफास्टमधील चेरीव्हेल क्रीडांगणावर त्यांची चाचणी घेतली.

पेटंट आणि सायकल शर्यती

डनलॉप यांनी जुलै १८८८ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला आणि ७ डिसेंबर १८८८ रोजी त्यांना पेटंट मिळाले. जाड, फुगीर टायरची सायकल सुरुवातीला चेष्टेचा विषय ठरली. हे चित्र १८ मे १८८९ रोजी बेलफास्ट येथे झालेल्या क्वीन्स कॉलेजच्या क्रीडास्पर्धांत बदलले. स्थानिक सायकल मंडळाचे कर्णधार विल्यम ह्यूम यांनी हवेचे टायर लावलेल्या सायकलवरून त्या दिवशीच्या चारही सायकल शर्यती जिंकल्या. काही काळातच त्यांनी इंग्लंडमधील लिव्हरपूल येथेही असेच यश मिळवले. ह्यूम यांच्याकडून पराभूत झालेल्यांमध्ये डब्लिनचे उद्योजक हार्वे ड्यू क्रॉस यांचे पुत्र होते. या पराभवामुळेच ड्यू क्रॉस यांचे लक्ष नव्या टायरकडे वेधले गेले.

थॉमसन यांचे पूर्वसंशोधन

पेटंट मिळाल्यानंतर दोनच वर्षांत, १८९० मध्ये, ते कायद्याने टिकणार नाही हे स्पष्ट झाले. स्टोनहेवन येथे १८२२ मध्ये जन्मलेले अभियंता रॉबर्ट विल्यम थॉमसन यांनी १८४५ मध्ये इंग्लंडमध्ये आणि त्यानंतर फ्रान्स व अमेरिकेतही हवेच्या चाकाचे पेटंट घेतले होते. त्यांच्या रचनेत रबर चढवलेल्या कापडाची हवाबंद नळी आणि तिच्यावर चामड्याचे आवरण होते. लंडनच्या रीजंट्स पार्कमध्ये १८४७ मध्ये घोडागाड्यांना अशी चाके लावून प्रात्यक्षिकही झाले होते. त्या काळी पातळ आणि टिकाऊ रबर सहज मिळत नसे, सायकल अजून प्रचारात आली नव्हती आणि घोडागाडीसाठी ही चाके महाग पडत. त्यामुळे हा शोध विस्मृतीत गेला.

स्वतः थॉमसन पुढे वजनाच्या प्रश्नामुळेच हवेपासून दूर गेले. १८६७ मध्ये त्यांनी रस्त्यावर चालणाऱ्या वाफेच्या जड इंजिनांसाठी जाड, भरीव रबराच्या पट्ट्या वापरल्या. इतका भार पेलेल अशी हवाबंद नळी तयार करण्याचे तंत्र तेव्हा उपलब्ध नव्हते. त्यांच्या पद्धतीची काही इंजिने १८७० च्या दशकात भारतातही आणली गेली आणि पंजाबात ग्रँड ट्रंक रस्त्यावर चालवली गेली. थॉमसन यांचे १८७३ मध्ये निधन झाले. डनलॉप यांना त्यांच्या कार्याची माहिती नव्हती, असे सामान्यतः मानले जाते.

कंपनीची स्थापना आणि निवृत्ती

ड्यू क्रॉस यांच्या पुढाकाराने १८८९ मध्ये डब्लिन येथे टायर कंपनी स्थापन झाली. डनलॉप यांनी आपले पेटंट कंपनीच्या स्वाधीन केले आणि मोबदल्यात त्यांना समभाग मिळाले. मूळ पेटंट निरुपयोगी ठरल्यावर कंपनीने इतर संशोधकांची पेटंटे मिळवून आपले स्थान सावरले. चार्ल्स किंग्स्टन वेल्च यांनी कडेत तार गुंफलेले टायर बनवले होते, तर विल्यम अर्स्किन बार्टलेट यांनी रिमच्या वळलेल्या काठात अडकणारे टायर तयार केले होते. डनलॉप यांचे मूळ टायर चाकाला चिकटवलेले असल्याने पंक्चर काढणे हे वेळखाऊ काम होते. वेल्च आणि बार्टलेट यांच्या रचनांमुळे टायर चाकावरून उतरवता येऊ लागले. हवेचे टायर सर्वसामान्यांच्या वापरात येण्यासाठी ही सुधारणा मूळ शोधाइतकीच आवश्यक ठरली.

डनलॉप यांनी १८९० च्या दशकाच्या पूर्वार्धात पशुवैद्यकीय व्यवसाय सोडला आणि ते डब्लिनला राहण्यास गेले. कंपनीच्या कारभारात त्यांचे फारसे मन रमले नाही आणि १८९५ मध्ये ते तिच्यापासून दूर झाले. पुढच्याच वर्षी, १८९६ मध्ये, ड्यू क्रॉस यांनी हा व्यवसाय टेरा हूली या भांडवलदाराला ३० लाख पौंडांना विकला. हूली यांनी तो ५० लाख पौंड भांडवलाच्या नव्या कंपनीच्या रूपाने बाजारात आणला. सायकलच्या मागणीचा तो भरभराटीचा काळ होता. या व्यवहारांतून इतरांना मोठा लाभ झाला, परंतु ज्यांचे नाव कंपनीने धारण केले त्या डनलॉप यांना त्यातून मोठी संपत्ती मिळाली नाही.

उत्तरायुष्य आणि मृत्यू

डब्लिनमध्ये डनलॉप यांनी कापड व्यवसायात भागीदारी केली आणि साधे, संथ जीवन पसंत केले. आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत त्यांचा आपल्याच नावाच्या कंपनीशी वाद झाला. त्यांचे छायाचित्र वापरण्याची अनुमती कंपनीला होती. कंपनीने मात्र जाहिरातींत त्यांचा दाढीधारी चेहरा छानछोकीचा पोशाख केलेल्या माणसाच्या आकृतीवर बसवला. यामुळे आपले हसे होते, अशी तक्रार करून डनलॉप यांनी आयर्लंडमधील न्यायालयात दाद मागितली. इंग्लंडमधील कंपनीविरुद्ध आयर्लंडमध्ये दावा चालू शकतो का, हा प्रश्न हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेला.

२३ ऑक्टोबर १९२१ रोजी डब्लिन येथे डनलॉप यांचे निधन झाले. शहराजवळील डीन्सग्रेंज दफनभूमीत त्यांचे दफन करण्यात आले. टायरच्या इतिहासासंबंधीच्या त्यांच्या आठवणी मृत्यूनंतर पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाल्या.

टायरमधील दाब आणि भाराची विभागणी

डनलॉप यांच्या टायरमध्ये भार पेलण्याचे मुख्य काम हवा करते. रबर आणि कापड त्या हवेला कोंडून ठेवतात, आकार देतात आणि रस्त्याची पकड मिळवून देतात. टायर जमिनीला टेकते तेथे थोडे सपाट होते. त्या सपाट भागाचे क्षेत्रफळ आणि हवेचा दाब यांचा गुणाकार साधारणपणे चाकावरील भाराइतका असतो. उदाहरणार्थ, एका चाकावर ५०० किलोग्रॅम भार आणि हवेचा दाब दर चौरस सेंटिमीटरला २.५ किलोग्रॅम असेल, तर टायर सुमारे २०० चौरस सेंटिमीटर जागेवर टेकते. दाब तोच ठेवून भार ७०० किलोग्रॅम केला, तर ही जागा सुमारे २८० चौरस सेंटिमीटर होते. टायरच्या भिंतींचा ताठरपणाही काही भार उचलत असल्याने प्रत्यक्षातील आकडे थोडे वेगळे येतात, परंतु मूळ तत्त्व हेच राहते.

टेकण्याची जागा वाढली म्हणजे टायरची बाजूची भिंत प्रत्येक फेऱ्यात अधिक वाकते. या सततच्या वाकण्याने उष्णता निर्माण होते. उष्णतेमुळे रबर व आतील धागे यांची पकड सैल होते आणि शेवटी टायर फुटू शकते. याउलट दाब गरजेपेक्षा जास्त असल्यास टायरचा मधला पट्टा लवकर झिजतो, पकड कमी होते आणि धक्के वाढतात. म्हणून योग्य दाब हा चाकावर प्रत्यक्ष येणाऱ्या भारावरून ठरतो. तो टायर थंड असताना मोजावा लागतो, कारण चालल्यानंतर आतील हवा तापून दाब वाढलेला दिसतो.

सायकलच्या बाबतीत हा प्रश्न सोपा होता. मोटारगाड्यांच्या वाढत्या वजनाने तो कठीण केला. १८९५ मध्ये फ्रान्समधील मिशलँ बंधूंनी पॅरिस–बोर्दो–पॅरिस शर्यतीत हवेचे टायर लावलेली मोटारगाडी उतरवली, तेव्हा तिला वारंवार पंक्चरला तोंड द्यावे लागले. पुढे दोऱ्यांच्या व तारांच्या थरांनी टायर बळकट झाले आणि मालमोटारींचा भारही हवेवर पेलता येऊ लागला.

आजच्या वाहनांत मोटारघर, म्हणजे झोपण्याची व स्वयंपाकाची सोय असलेली मोटारगाडी, हे या तत्त्वाचे ठळक उदाहरण आहे. मालमोटारीतील माल उतरवला जातो, पण मोटारघरातील स्वयंपाकाचा ओटा, शीतकपाट, बॅटऱ्या आणि पाण्याची टाकी कायम एकाच जागी असतात. एक लिटर पाण्याचे वजन एक किलोग्रॅम असल्याने एका कडेला असलेली १०० लिटरची टाकी भरताच त्या बाजूवर जवळपास १०० किलोग्रॅमची भर पडते. मागील आसावर एकूण २,००० किलोग्रॅम भार असेल, तर प्रत्येक बाजूवर १,००० किलोग्रॅम येतील असे वाटते. प्रत्यक्षात ही विभागणी डावीकडे १,१५० आणि उजवीकडे ८५० अशी असू शकते. एकूण वजन मर्यादेत असूनही अशा वेळी डाव्या टायरवर जास्त ताण येतो आणि सरासरीवरून ठरवलेला दाब त्याला अपुरा पडतो.

यासाठी प्रवासाचे सर्व सामान व पाणी भरल्यावर वाहनाचे वजन वजनकाट्यावर घेताना शक्य असल्यास प्रत्येक बाजू स्वतंत्रपणे मोजली जाते. त्यानंतर जड बाजूच्या भाराला लागणारा दाब टायर उत्पादकाच्या तक्त्यावरून काढून त्या आसाच्या दोन्ही बाजूंच्या टायरमध्ये सारखाच ठेवला जातो. दोन बाजूंना वेगवेगळा दाब ठेवल्यास ब्रेक लावताना आणि वळताना वाहन एका बाजूला ओढले जाण्याचा धोका असतो. भार टायरच्या क्षमतेपेक्षा अधिक भरल्यास हवा वाढवून उपाय होत नाही. सामान हलवावे किंवा कमी करावे लागते.

भारत आणि मराठवाडा

डनलॉप कंपनीची भारतीय शाखा १९२६ मध्ये नोंदवली गेली आणि १९३६ मध्ये बंगालमधील हुगळी जिल्ह्यातील साहागंज येथे तिचा टायर कारखाना सुरू झाला. मराठवाडा तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. या संस्थानाने १९३२ मध्ये रेल्वे खात्याच्या जोडीने सरकारी मोटार बससेवा सुरू केली होती. संस्थानाच्या विलीनीकरणानंतर आणि राज्यांच्या पुनर्रचनेनंतर परभणी जिल्हा प्रथम मुंबई राज्यात व १९६० पासून महाराष्ट्रात आला.

परभणी जिल्ह्याची बरीच जमीन गोदावरी व पूर्णा नद्यांच्या खोऱ्यांतील काळी कसदार जमीन आहे. पावसाळ्यात ही माती चिकट होते. पारंपरिक बैलगाडीच्या लाकडी चाकाची अरुंद लोखंडी धाव अशा मातीत खोल रुतते आणि चाकोरी पाडते. हवेचे रुंद टायर तोच भार अधिक जागेवर पसरवते, त्यामुळे चाक कमी रुतते आणि बैलांना कमी ओढ लागते. लाकडी चाकांऐवजी टायर लावलेल्या लोखंडी गाड्या ऊसवाहतुकीत मोठ्या प्रमाणावर वापरल्या जातात. त्यांना अनेकदा मालमोटारींचे जुने टायर बसवलेले असतात.

मोटारघरातील भाराच्या असमतोलाचा प्रश्न बैलगाडीतही आढळतो आणि मराठीत त्यासाठी जुने शब्द आहेत. पुढे जास्त भार भरलेल्या गाडीला धुरजड म्हणतात. तिचे ओझे जुवावाटे बैलांच्या खांद्यांवर येते आणि खांद्यांना जखमा होतात. मागे जास्त भरलेली गाडी उलाळ होते, म्हणजे तिची धुरा वर उचलली जाते. टायर बदलल्याने ओढ कमी झाली, तरी आसाच्या पुढे व मागे माल समतोल भरण्याची गरज कायम राहते. ओढ हलकी झाल्यामुळे गाडीत क्षमतेपेक्षा जास्त ऊस भरण्याचा मोहही वाढतो आणि चढउतारावर तो भार पुन्हा बैलांच्याच अंगावर येतो.

परभणी येथे १९७२ मध्ये मराठवाडा कृषी विद्यापीठ स्थापन झाले. आता ते वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ या नावाने ओळखले जाते. शहरात पशुवैद्यक व पशुविज्ञान महाविद्यालयही आहे. लाल कंधारी आणि देवणी हे या भागातील प्रसिद्ध गोवंश असून लाल कंधारी बैल ओढकामासाठी ओळखले जातात. ओढकाम करणाऱ्या जनावरांवर उपचार करणाऱ्या पशुवैद्याच्या शोधाचा लाभ अशा प्रकारे बैलांपर्यंतही पोहोचला. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटन धोरण स्वीकारल्यानंतर मोटारघरांचा वापरही राज्यात अधिकृतपणे पर्यटनाचा भाग बनला.

वारसा

डनलॉप हे नाव टायरखेरीज खेळाचे साहित्य आणि रबरी फेसाच्या गाद्या यांच्याशीही जोडले गेले. या गाद्या त्यांच्या मृत्यूनंतर बाजारात आल्या आणि त्यांच्या निर्मितीत डनलॉप यांचा कोणताही वाटा नव्हता. उत्तर आयर्लंडमधील नॉर्दर्न बँकेने आपल्या दहा पौंडांच्या नोटेवर त्यांचे चित्र छापले. २००५ मध्ये अमेरिकेतील ऑटोमोटिव्ह हॉल ऑफ फेममध्ये त्यांचा समावेश करण्यात आला.

हवेच्या टायरचे मूळ संशोधक म्हणून आज थॉमसन यांचा, तर त्याला व्यवहारात आणणारे म्हणून डनलॉप यांचा उल्लेख केला जातो. थॉमसन यांच्याकडे कल्पना होती, परंतु तिला साजेसे वाहन आणि साहित्य त्यांच्या काळी उपलब्ध नव्हते. डनलॉप यांच्या वेळी सायकल लोकप्रिय होत होती, रबर सुधारले होते आणि शर्यतींमुळे टायरची परीक्षा लोकांसमोर झाली. सायकलच्या टायरमध्ये त्यांनी कोंडलेली हवाच पुढे मोटारगाड्या, मालमोटारी, ट्रॅक्टर आणि विमाने यांचा भार वाहू लागली.